बाईंसाठी रोज एक चूक

तीर्थरूप मामा,

भाच्याचा नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? (जिने चढू नका म्हटलं की त्या मुद्दाम चढतात हे ठाऊक आहे. तरी विचारलं, कारण पत्रात आधी तब्येत आणि मग तक्रार ही तुमचीच शिकवण.) मी मजेत आहे, वजन वाढलंय, आणि तक्रार म्हणाल तर आता उरली नाही. पण मध्यंतरी नोकरी हातची जाता जाता राहिली, ते सविस्तर लिहितो. चष्मा लावून बसा.

पाण्याचे पंप विकणाऱ्या या कंपनीत मला इंग्रजी पत्रं लिहायला घेतलं ते 'आधी काम बघू, मग कायम करू' या बोलीवर. आमच्या खोलीत टेबलं दोनच. एक माझं, आणि दुसरं माझी पत्रं तपासणाऱ्या बाईंचं. सगळं ऑफिस त्यांना 'पूर्णविराम' म्हणतं, कारण त्या आल्या की बोलणं संपतं. माझ्याआधीचे दोघे आपणहून अर्ज करून गोदामात गेले. (गोदामात उंदीर आहेत, पण ते निदान आवाज तरी करतात.) मी म्हणायचो, आज फार उकडतंय. बाई म्हणायच्या, हं. मी म्हणायचो, पंखा लावू का. बाई म्हणायच्या, नको. डबा खाताना मला माझ्याच चावण्याचा आवाज ऐकू यायचा. मामा, मला बोलायला माणूस लागतं हे तुम्हाला काय सांगायचं? बडबडीपायी तुम्ही मला जितक्या वेळा वर्गाबाहेर उभं केलंत, तितका वेळ आत बसलो असतो तर आज साहेब झालो असतो.

असंच एकदा एका गिऱ्हाइकाला लिहिताना माझ्या हातून 'डिस्कस अबाउट' गेलं. बाईंनी पेन खाली ठेवलं, खुर्ची वळवली आणि चक्क बोलायला लागल्या. म्हणाल्या, 'डिस्कस'ला 'अबाउट' जोडणं म्हणजे टोपीवर टोपी घालणं. मग म्हणाल्या, याच चुकीसाठी त्यांच्या वडिलांनी त्यांना पट्टी मारली होती. मग वडिलांचं निघालं, वडिलांनी पाळलेल्या पोपटाचं निघालं, पोपट कसा उडाला ते निघालं, आणि बघता बघता डब्याची सुट्टी झाली. मी मनाशी खूणगाठ बांधली. कुणाकडे जाताना रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणतात ना, तसं मी बाईंकडे रिकामं पत्र नेईनासा झालो. रोज एक इन, ऑन किंवा अ‍ॅट भलत्या जागी बसवायचं आणि कान देऊन ऐकत राहायचं. ही बातमी फुटायला वेळ लागला नाही. हिशेबवाले काका आपल्या रजेच्या अर्जात ठिकठिकाणी 'फ्रॉम' पेरून आले, ड्रायव्हर मुलीच्या शाळेची चिठ्ठी घेऊन आला. पूर्णविरामाचा स्वल्पविराम झाला म्हणा ना.

पण लाल शाईनं रंगलेली माझी पत्रं साहेबांच्या नजरेला पडली, आणि त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, दिवसेंदिवस तुझं इंग्रजी घसरतंय, असा माणूस कायम कसा करू? त्याच वेळी बाई कसलीशी फाइल घेऊन आत आल्या. खरं सांगावं तर बाईंच्या तोंडावर सांगावं लागणार, की आम्ही सगळे तुम्हाला बोलतं ठेवण्यासाठी नाटक करतोय. मला ते जमेना. नोकरी गेली तर घरी काय तोंड दाखवू हेही डोळ्यांपुढे होतं. शेवटी म्हणालो, हो साहेब, माझं इंग्रजी कच्चंच आहे.

बाईंनी फाइल टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "साहेब, ज्याला येत नाही तो रोज तीच चूक करतो. हा रोज नवी करून आणतो. मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं."

साहेब म्हणाले, "मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर त्यानं चुका बंद केल्या असत्या."

साहेबांनी माझी लाल पत्रं गोळा केली आणि बाईंच्या हातात परत दिली. मामा, मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. कायम झाल्याचा कागद काल हातात पडला. बाईंनी त्यावर काही शेरा मारला नाही, फक्त डबा खाताना आपली खुर्ची माझ्या टेबलाला आणून लावली. आता मुद्दाम चुकायची गरज नाही, आम्ही तसंही दिवसभर बोलतो.

मामींना नमस्कार, धाकटीला धपाटा.

तुमचा (आता कायम झालेला) भाचा

ता. क. : एक गोष्ट बाईंनाही ठाऊक नाही, आणि तुम्हीही पोटात ठेवा. त्या चुकांपैकी मुद्दाम केलेल्या निम्म्याच. बाकीच्या माझ्या स्वतःच्या, अगदी घरच्या. आता सगळं ऑफिस मला इंग्रजीचा पंडित समजतं, आणि काका अडलं की माझ्याकडे येतात. तेव्हा दर रविवारी फोनवर मला इन, ऑन, अ‍ॅट पहिल्यापासून शिकवा. ओरडलात तरी चालेल, इकडे खोलीवर मी एकटाच असतो.

दुसरा ता. क. : आज बाईंनी स्वतः लिहिलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, आता तू तपास. मी रुबाबात लाल पेन उचललं, एक 'ऑन' खोडून तिथे 'अ‍ॅट' लिहिलं. बाईंनी ते वाचलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसल्या म्हणून मीही पोट धरून हसलो. मामा, आम्ही नेमकं कशाला हसलो, तेवढं या रविवारी आधी सांगा.