सेनापतींच्या जोड्यांचं माप

आठवा महिना, दिवस पहिला

मी सांगते, नात रुई लिहिते. मला अक्षर येत नाही; बोलायला मात्र कुणी शिकवावं लागलं नाही. आजपासून लाय सेनापतींच्या देवळाची राखण माझ्याकडे. खोली कोरडी, चूल ऐसपैस, समोर खाडी, रुईची शाळा जवळ. आणखी काय हवं? गावचे के आजोबा म्हणाले, मोठं काम एकच: दर उत्सवाआधी मूर्तीला नवे कापडी जोडे शिवायचे. चाच्यांशी लढताना सेनापतींचे जोडे चिखलात रुतले आणि ते अनवाणी मारले गेले. तेव्हापासून गाव त्यांना अनवाणी ठेवत नाही.

दिवस तिसरा

कोपऱ्यातली बांबूची पट्टी परवा चहाखाली जाळली. वर काहीबाही खरडलेलं होतं, मला काय कळणार? आज कळलं, तेच माप. जुन्या जोड्यांवरून घ्यावं, तर त्यांच्या चिंध्या झालेल्या. बसल्या मूर्तीच्या जोड्यांचे तळ इतके कसे झिजतात, कोण जाणे. शेवटी रुईच्या पायांचं माप घेतलं. पावलं कसली, वल्हीच ती. विचारते, हेही लिहू का? लिही.

दिवस पाचवा

जोडे मूर्तीला नेमके बसले. माप कुणाचं ते सांगितलं, तर के आजोबांच्या हातातला चहा सांडला. जिवंत पायांचं माप दिलं, तर सेनापती त्याच पायांनी गस्त घालतात म्हणे. मी म्हटलं, "मग पोरगी शाळेत वेळेवर पोचेल."

ते हसले नाहीत.

दिवस सातवा

रुई उठली ती तळव्यांना खाडीचा चिखल घेऊन. कडी आतून लावलेली. मूर्तीच्या नव्या जोड्यांचे तळ झिजलेत.

दिवस नववा

मूर्तीचे जोडे उतरेनात. कात्री लावली. तिकडे रुई किंचाळली — टाच चिरली होती, रक्त — कात्री विहिरीत टाकली.

दिवस दहावा

परवा उत्सव. भरतीच्या वेळी सेनापतींची पालखी ते मारले गेले त्याच चिखलात उतरणार. म्हणजे रुईचे पायही. माझ्या मापाचा जोड शिवून मूर्तीपुढे ठेवला. म्हटलं, साहेब, माझे घ्या. पोर चौदाची आहे.

दिवस अकरावा

माझे जोडे उंबऱ्याबाहेर पडलेले. म्हातारे पाय नकोत —

दिवस बारावा

नगारा वाजतोय. रुईचे पाय टेबलाला बांधलेत. वर ती लिहितेय, खाली पावलं टाकतेय — मी तिच्या पायांवर बसलेय, तरी — खाली बघू नकोस, बाळ. लिहितेस तोवर बसलेली आहेस. दोर सुटतोय — लिहीत राहा, रुई, लिहीत रा