बटण कुठल्या चौकोनात

४ मे, रविवार

फसले! अर्धा तास बसते म्हटलं आणि उठले तेव्हा दिवे लावायची वेळ झाली होती.

सुनेकडे रविवारी दुपारी दोघं येतात. एक लांबू, टायरच्या दुकानातला. दुसरा कोपऱ्यावरचा औषधवाला. जेवणाच्या टेबलाशी बसून गोष्ट खेळतात. हो, खेळतात! प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं, ते वागेल तसं बोलायचं आणि अडलं की फासा टाकायचा. आज त्यांचा एक गडी आला नाही. "आई, बसता का?"

सून स्वतः सोंग घेत नाही. ती जग चालवते. पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे कागद झाकून बसते. ते मात्र पटलं मला. कॉलेजच्या परीक्षा विभागात प्रश्नपत्रिका मी अशाच राखल्या. पोटच्या पोराला कधी वास लागू दिला नाही.

मी शिलेदारीण झाले. घोडा, तलवार, सगळं. मग म्हणे कल ठरवा, म्हणजे माणूस कुठल्या बाजूला झुकतं ते. खोक्याच्या झाकणावर नऊ चौकोन आखलेत. आडवे: नियमी, मधले, मनमौजी. उभे: वर भले, मग मधले, खाली वाईट. आपलं बटण आपल्या चौकोनात ठेवायचं. औषधवाला मनमौजी-मधला. चोर झालाय. दुकानाचा अनुभव कामी येईल म्हटलं, तर हसला मेला.

मी ठेवलं नियमी-भलीत. त्यात विचारायचं काय!

मग धुकं आलं. एक तळं, तळाशी एक गाव, गावात दिवे लागलेले. सून हळूहळू बोलत होती, एरवी बोलते त्याहून वेगळ्याच आवाजात. पंखा, भिंत, समोरची कपबशी—काही दिसेनासं झालं. घोड्याच्या अंगाचा वास आला. खरंच आला.

८ मे, गुरुवार

चिरंजीवांचा फोन.

"आई, घटस्फोटाचे कागद झालेत आता. कायद्यानं ती आपली कोणी नाही. मग अजून तिथं कशी?"

वर्षापूर्वी हा गेला, दुसरीबरोबर दुसरीकडे. सून राहिली, आतल्या खोलीत, तिच्या साच्यांसकट. दातांच्या कवळ्या घडवते ती. मी तिला जा म्हटलं नाही, राहा म्हटलं नाही. स्वयंपाक दोघींचा एकत्र होत राहिला, इतकंच. आणि कागदावर सून नाही तर काय म्हणू तिला? भाडेकरू? भाडं घेत नाही. सूनच म्हणते.

"महिनाअखेर आम्ही दोघं राहायला येतोय. खोल्या मोकळ्या करून घे. तूच सांग. तुझं ऐकेल ती."

बघते, म्हटलं. बघते! उभ्या जन्मात मी कुणाला 'बघते' म्हटलं नव्हतं. हो किंवा नाही.

१२ मे

दुपारी डुलकी लागली. तळ्याकाठी उभी होते. पाण्यात खाली कुणीतरी खिडकी पुसत होतं, सावकाश, गोल गोल. हात ओळखीचा वाटला. जाग आली तर सून खरंच खिडकी पुसत होती.

१८ मे, रविवार

चिडले आहे. अजून.

तळ्यातल्या गावातून एक मुलगी पळून आली. केस ओले, चालते तिथं पाऊल उमटत नाही. आम्ही तिला गाडीत लपवलं. वेशीवर दरवान. (सूनच, घोगरा आवाज काढून.) "तुमच्यात तळ्यातलं कोणी आहे का?"

शिलेदारणीनं खरं बोलायची शपथ घेतली आहे. मी सांगितलं—"आहे. गोणपाटाखाली."

"काकूऽ!" लांबू उभाच राहिला. औषधवाल्यानं कपाळाला हात लावला. "अहो काकू, इतकं खरं साक्षीदारही बोलत नाही!"

मुलीला धरून नेलं. ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत गेली, असं सून म्हणाली. मग तिनं माझं बटण उचललं आणि एक घर खाली ठेवलं. नियमी-मधली!

"मी नियम मोडला नाही," म्हटलं.

"नाहीच मोडलात, आई. म्हणून आडवं हललं नाही. नुसतं खाली आलं."

"अगं, ती मुलगी गुन्हेगार होती."

"कुणी सांगितलं?"

"दरवानानं."

यावर सून हसली. दमलेल्या माणसासारखी.

बटण आपण ठेवायचं असतं ना? तर नाही. पहिल्यांदा आपण ठेवायचं. पुढे आपण वागू तसं तीच हलवणार. मला कुणी सांगितलं नव्हतं हे!

१९ मे

बटणाचा विचार करायचा नाही असं ठरवलं.

केला.

२२ मे, गुरुवार

पुन्हा फोन. "सांगितलंस?" नाही. "का?"

काय सांगणार! तापात माझ्या उशाशी बसलेला मुलगा आहे हा. वाईट नाही. ताट आपल्याकडे ओढून घेतो एवढंच, लहानपणापासून. "आई, तू नियमानं चालणारी. मुलगा कोण, परकं कोण, एवढं तुला कळतं." कळतं, म्हटलं.

फोन ठेवून आतल्या खोलीत गेले. आज सांगून टाकायचंच. एक घाव दोन तुकडे. सून खिडकीशी बसून एक कवळी घासत होती. उन्हात पांढरी भुकटी उडत होती, तिच्या भुवयांवर, केसांवर. म्हातारी झालेली सून दिसली मला क्षणभर. इथंच, याच खिडकीत.

"काही हवंय का, आई?"

"कुणाची गं कवळी?"

"एका आजींची. बारशाला जेवलेल्या आहेत माझ्या, असा तोरा. तीनदा परत पाठवली. हसताना खोटी दिसते म्हणे."

"दाखव बघू."

खोटी दिसत नव्हती. तसं सांगितलं आणि बाहेर आले. सांगायला गेले होते काय आणि सांगितलं काय!

२५ मे, रविवार

मुलीला सोडवायला गेलो. मीच हट्ट धरला. तुरुंग पाण्याखाली. पायऱ्या उतरत गेलो तसा आवाज विरत गेला. सून जवळजवळ कुजबुजत होती आणि आम्ही तिघं टेबलावर वाकलो होतो. कोंडलेल्या मुलीच्या खोलीत पावसाळी उजेड, भिंतींवर मासे सरकताहेत.

दारात तोच दरवान. "कैद्याला घरच्या माणसाच्याच ताब्यात देतो. तू कोण हिची?"

"आई."

लांबू ओरडला, "काकू, चक्क खोटं? नियमी ना तुम्ही?"

"गप रे! यात खोटं काय आहे?"

बोलून गेले आणि मग ऐकू आलं. औषधवाला छताकडे बघत राहिला. शहाणा आहे.

"फासा टाका, आई." हा आवाज दरवानाचा नव्हता.

टाकला. किती पडले ते मी पाहिलं नाही. दार उघडलं, म्हणाली.

२९ मे, गुरुवार

त्यानं फोन करायच्या आत मीच केला.

"ती कुठं जाणार नाही. घर माझ्या नावावर आहे. नियमच हवा असेल तर हा घे."

"आणि मी कोण तुझा?"

"मुलगा. जेवायला ये. राहायचं असेल तर तिला विचारून."

"तिला विचारून!" फोन आपटला. पाणी प्यायले. मग खूप हलकं वाटलं, पोहताना पाठीवर पडून राहावं तसं. कॉलेजात असताना पोहायचे मी.

३० मे

सकाळी चहाबरोबर सांगितलं तिला. सरळ. "तू इथंच राहायचं आहेस. त्याला मी कळवलंय."

वाटलं होतं, बरं वाटेल तिला. तिनं कप खाली ठेवला.

"आई... मला नोकरी लागलीय. मोठ्या प्रयोगशाळेत. लांब आहे. जूनच्या मध्याला हजर व्हायचंय."

"कधी कळलं?"

"झाले काही महिने. दोनदा पुढे ढकलली. आता नाही थांबत म्हणाले."

"का ढकललीस?"

"तुम्ही जेवायला एकट्या बसला असता." आणि मान खाली घालून, "मला वाटलं, तुम्हीच कधीतरी जा म्हणाल. मग सोपं जाईल."

म्हणजे मी ठेवून घेतलं नव्हतंच तिला. तीच मला सांभाळून होती! एवढे दिवस मी दारात उभी राहून न्याय करतेय, आणि दार मुळात माझं नाहीच.

जा, म्हटलं. नोकरी सोडायची नाही. ओरडलेच जरा.

"तिथं दोन खोल्या मिळतात," ती म्हणाली. उठून कपबश्या विसळायला लागली. पाठमोरी. "एक रिकामीच राहील."

१४ जून, शनिवार

चिरंजीवांना निरोप धाडला: खोल्या मोकळ्या केल्या आहेत. सगळ्याच. माझीसुद्धा.