अकोल्यात न चाललेला प्रोग्राम

सर,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला पत्र असं कधी लिहिलं नाही. तुम्ही होता तेव्हाही लिहिलं नव्हतं. गरजच पडायची नाही. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचं दार ढकललं की कूलरसमोरच्या खुर्चीत तुम्ही असायचातच, चष्मा कपाळावर आणि समोर कुणाचा तरी बिघडलेला प्रोग्राम. जावा तुम्ही आम्हाला वऱ्हाडीत शिकवली. पुस्तकात इंग्रजीत पानभर जे लिहिलेलं असायचं ते तुम्ही फळ्याकडे पाठ करून एका वाक्यात सांगायचा : "हा क्लास कोनाले काय मांगून राह्यला, तेवढं पाहा. बाकी सारं सोपं हाय." अकोल्याच्या जुन्या शहरातून आलेली, घरी उर्दू बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली आणि इंग्रजीला घाबरणारी मी, पहिल्यांदा वर्गात हसले ती तुमच्या तासाला.

त्या वर्षांत वऱ्हाडातलं वर्तमानपत्र उघडायच्या आधीच पहिल्या पानावर काय असणार ते ठाऊक असायचं : आणखी एका शेतकऱ्याची आत्महत्या. तुम्ही ते लॅबमध्येच वाचायचा, नीट घडी घालायचा आणि टेबलावर उलटं ठेवून द्यायचा. एका सकाळी अशीच घडी घालून तुम्ही मला आणि माझ्या जोडीदारणीला बोलावलंत. ती चांदूर रेल्वेहून रोज गाडीने यायची, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आम्ही दोघी मिळून करत होतो. तुम्ही म्हणालात, "अकोल्याले एक ताई हाय, कीडरोगाची जानकार. पेरनीपासून फोनवर सल्ला देनार हाय, गावोगावच्या लोकायले. एक खोली, एक फोन, एक कॉम्प्युटर. तिले प्रोग्राम पाह्यजे. कोन इचारलं, काय इचारलं, काय सांगितलं, सारं त्यात राहिलं पाह्यजे, अन् त्याचा मराठीत कागद निंगाला पाह्यजे. तो कागद ती गावात पाठवनार. कराल?" आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. हो म्हणून मोकळ्या झालो.

तुम्हीच सांगितलंत की सगळं स्वतः लिहीत बसू नका, जगभरच्या लोकांनी लिहून मोकळं ठेवलेलं आहे ते वापरा. मग काय, मला नादच लागला. पानं दाखवायला एक फ्रेमवर्क, मराठी कागद छापायला एक मॉड्यूल, त्या मॉड्यूलला लागणारी दुसरी लायब्ररी, तिला लागणारी तिसरी. सायबर कॅफेतून, सीनियर मुलींच्या सीडीवरून, मासिकासोबत आलेल्या डिस्कवरून, जिथून मिळेल तिथून मी जार फाइली, म्हणजे तयार कोडची गाठोडी, आणायची आणि एकाच फोल्डरमध्ये टाकायची. प्रोग्राम अडला की आणखी एक फाइल टाकायची, की तो चालायचा. त्या फोल्डरचा मला फार अभिमान होता. अमरावतीच्या लॅबमध्ये आमचा प्रोग्राम चालला, प्रिंटरमधून मराठी अक्षरं वेलांट्या-उकारांसकट बाहेर आली, तेव्हा माझी जोडीदारीण खुर्चीसकट गोल फिरली होती.

आणि मग तो अकोल्याचा शुक्रवार. सोमवारी ताईंचा फोन सुरू व्हायचा होता. आपण तिघं एसटीने निघालो, सीडी माझ्या मांडीवर. मूर्तिजापूरला तुम्ही खिडकीतून केळी घेतलीत आणि आम्हा दोघींना बळंच खायला लावलीत. माझ्याच गावी माझा प्रोग्राम चालणार म्हणून मी अब्बांनाही बोलावून ठेवलं होतं. अब्बा बुकबाइंडर, जुन्या शहरातल्या दुकानात उभा जन्म शिलाई आणि खळ. ते इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले होते आणि भिंतीलगत अवघडून उभे होते. मी प्रोग्राम चढवला. पहिलं पान उघडलं, ताई "अरे वा" म्हणाल्या. नमुन्याचा प्रश्न भरला, उत्तर भरलं, छापायचं बटण दाबलं आणि पडदा लाल अक्षरांनी भरून गेला. त्या अक्षरांचा अर्थ एवढाच होता की जी मेथड, म्हणजे कोडमधलं जे ठरावीक काम, नावाने बोलावताय ती इथे नाही. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. तेच. अब्बांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माझं तोंड वाचता येत होतं.

मी म्हणाले, "सर, अमरावतीला तर चालत होतं."

तुमचा आवाज तोवर मी चढलेला कधी ऐकला नव्हता. "अमरावतीले चालत होतं हे काहून सांगून राह्यली? ताई का अमरावतीले येऊन फोन उचलन? इथी काहून नाई चालत ते सांग." मग तुम्ही ते फोल्डर उघडलंत. माझा अभिमान. एकेका फाइलवर बोट ठेवून विचारू लागलात, "हे कोठून आनलं? याचं व्हर्जन कोनतं? हे कोनाले लागते?" दहाव्या फाइलनंतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवलात आणि हळूच म्हणालात, "वं पोरी, तुले तुझ्याच घरात कोन राह्यते ते मालूम नाई." चढलेल्या आवाजापेक्षा ते जास्त लागलं.

कारण थोड्या वेळात सापडलं. मजकूर वाचायची एक लायब्ररी फोल्डरमध्ये दोनदा होती, एक जुनी, एक नवी, आतल्या क्लासची, म्हणजे कोडच्या भागांची, नावं तीच, फक्त नवीत दोन क्लास जास्तीचे. लॅबमधल्या आमच्या मशीनवर जुनी आधी सापडायची, अकोल्यातल्या मशीनवर नवी. तुम्ही नवी काढून टाकलीत : कागद छापला, पण प्रश्न भरायचं पान उघडेना. जुनी काढलीत : पान उघडलं, कागद छापेना. फ्रेमवर्कला नवीतले ते जास्तीचे क्लास हवे होते आणि छापणाऱ्या मॉड्यूलला जुनीच. हा खेळ तीनचारदा झाला तेव्हा भिंतीपासून अब्बा पुढे आले. "सरजी, एकच नाम के दो आदमी, और दोनों एकच घर में? आवाज दी तो आएगा कौन?" तुम्ही अब्बांकडे पाहिलंत आणि असे हसलात की ताईसुद्धा हसायला लागल्या. "बराबर! हेच मी इले तीन वर्षांपासून शिकवून राह्यलो, अन् तुमी दोन मिंटात समजले!" माझं रडू तिथेच पळालं.

अब्बांनी आपल्या सगळ्यांना घरी जेवायला नेलं. अम्मीने तुमच्यासाठी वेगळं वांग्याचं भरीत केलं होतं आणि तुम्ही भाकरीवर भाकरी मागून घेत होता. जेवणाचं दस्तरखान उचललं, ताईंच्या खोलीतून रिक्षात आणलेला कॉम्प्युटर त्याच जागेवर मांडला आणि काम सुरू झालं. तुम्ही म्हणालात, फोल्डर पूर्ण रिकामं कर. मला ते जिवावर आलं, पण केलं. मग एकेक फाइल आत : नाव, व्हर्जन, कुठून आणली, कुणाला लागते. माझी जोडीदारीण लिहीत होती, सुट्या कागदांवर, आणि अब्बांना ते कागद पाहवेनात. ते उठून दुकानात गेले आणि शनिवारी दुपारी एक नवं रजिस्टर घेऊन आले, निळं कापडी पुठ्ठ्याचं, पाठीवर चामड्याची पट्टी. ते त्यांनी तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते उघडून आधी शिलाई पाहिलीत, मग कोरं पान. पहिल्या ओळीत तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, "कोनाले काय लागते". वऱ्हाडीतच लिहिलंत. ऐंशी टक्के फाइली कुणालाच लागत नव्हत्या, सर. आपण तिघं त्या कायमच्या पुसताना अक्षरशः नाचत होतो.

राहिली ती छापणाऱ्या मॉड्यूलची अडचण. ते कुणी तरी परदेशात लिहिलेलं होतं, पण सगळा कोड उघडा होता. मी तो पहिल्यांदा आतून वाचला, शनिवारच्या संध्याकाळी, आमच्या ओसरीवर, तुम्ही शेजारी सुपारी कातरत. नव्या लायब्ररीत त्या मेथडचं नाव बदललं होतं, एवढंच. मी तीन ओळी बदलल्या आणि रविवारी सकाळी कॉम्प्युटर परत नेला तेव्हा ताईंच्या खोलीत कागद बाहेर आला. मी ओरडले. तुम्ही म्हणालात, "आता हे त्याले पाठव, ज्यानं लिहिलं त्याले. आपन त्याचं घेतलं, तर वापस बी देऊ."

सोमवारी पहिला फोन तिवस्याजवळच्या गावातून आला, एका बाईचा. कपाशीची पानं आकसून राहिली म्हणत होती. आम्ही दोघी कोपऱ्यात उभ्या होतो. ताईंनी खोदून खोदून विचारलं, पानं उलटून पाहायला लावली, बाईला हसवलंसुद्धा. मग छापायचं बटण दाबलं. तो कागद ताईंनी आधी माझ्या हातात दिला. त्यावर त्या बाईच्या गावाचं नाव अचूक होतं आणि फवारणी आत्ता करू नका, आठ दिवस थांबा, असं लिहिलं होतं. मला अजून आठवतं, कागद कोमट होता.

परदेशातल्या त्या माणसाचं उत्तर बुधवारी आलं. आपण तोवर अमरावतीला परतलो होतो. त्याने आभार मानले होते, पण एक गोष्ट विचारली होती : तुमचा बदल घेतला तर जे लोक अजून जुनी लायब्ररी वापरतात त्यांचं काय? त्यांचं छापणं बंद पडेल. तुम्ही माझ्या खांद्यावरून वाचलंत आणि टेबलावर थाप मारलीत. "पाह्य! आता दुसऱ्या कोनाचं अकोलं तू करून राह्यली!" आठवडाभर मी त्यावर बसले. नवी मेथड असेल तर ती बोलवायची, नसेल तर जुनी. दिसायला एवढंच, पण दोन्ही लायब्रऱ्यांवर पुन्हा पुन्हा चालवून बघायचं, आणि दोन्हीकडे खरंच चाललं तरच पाठवायचं. पाठवलं. पुढच्या व्हर्जनसोबत आलेल्या, हातभार लावणाऱ्यांच्या यादीत माझं नाव होतं. आपल्या लिपीत नव्हतं, एक अक्षर चुकलेलंही होतं, पण माझंच. तुम्ही सगळ्या वर्गाला गिला वडा खायला नेलंत आणि गाडीवाल्याला सांगितलंत, "या पोरीचं नाव जगात गेलं, दही जास्त टाका." तो म्हणाला, "कोनत्या पेपरात?" तुम्ही म्हणालात, "पेपरापेक्षा मोठं हाय." त्या दिवशी तुम्ही सकाळच्या वर्तमानपत्राची घडी उघडलीच नव्हती, हे माझ्या नंतर ध्यानात आलं.

आता मी स्वतः एक मॉड्यूल सांभाळते, सर. लहानसंच आहे, पण कोण कोण वापरतं याचा मला पत्ता नाही. ब्राझीलमधून एखादी मुलगी लिहिते की तुमच्या नव्या व्हर्जनने आमचं मोडलं, आणि मी चहा ठेवून आधी तिच्या फाइलींची यादी मागवते. आता याद्या मशीन करतं, कुणाला काय लागतं त्याचं झाडच्या झाड पडद्यावर उलगडून दाखवतं. तुम्ही ते बघून कुणाकुणाला बोलावून दाखवलं असतं. ऑफिसातली मुलं "माझ्या मशीनवर चालतं" म्हणाली की माझ्या तोंडून वऱ्हाडी बाहेर पडते आणि ती मुलं घाबरायच्या ऐवजी खुश होतात. तुम्ही गेलात ते मला चार दिवसांनी कळलं. जोडीदारणीचा फोन आला. आम्ही दोघी रडणारच होतो, पण तिला ती केळी आठवली, मला अब्बांचा प्रश्न, आणि आम्ही फोनवर हसत राहिलो. ते तुम्हाला चाललं असतं, असं मी धरून चालले आहे.

हे पत्र कुणाला पाठवणार. कॉलेजात आता तुम्हाला ओळखणारं कुणी उरलं नाही, आणि तुमच्या घरचा पत्ता मी कधी विचारलाच नव्हता. पण लिहायला बसले त्याचं खरं कारण अजून सांगितलं नाही. ती लाल अक्षरं मी अकोल्यात पहिल्यांदा पाहिली नव्हती, सर. आदल्या दिवशी, गुरुवारी, तुम्ही तासाला गेला होता तेव्हा लॅबमधल्या दुसऱ्या मशीनवर ती एकदा आली होती. मी घाईघाईने आपल्या नेहमीच्या मशीनवर जाऊन बसले, तिथे चाललं, आणि मी कुणाला काही बोलले नाही. जोडीदारणीलाही नाही. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं वाटतं. पण तुम्ही विचारलं नाहीत, कारण माझ्यावर तुमचा भरवसा होता.