क्षय नव्हता, ताई

दांडी,
दि. ६ एप्रिल १९६९

सौ. वत्सलाताईंना जयवंतीचा नमस्कार.

सफाळ्याला भावोजी, मुलं सगळी खुशाल असतील. इथे माई बऱ्या आहेत, गुडघे तेवढे कुरकुरतात. वाळवणीचं काम जोरात आहे. बाकीचं मग लिहीन, आधी मुख्य सांगते. ताई, तुमचा भाऊ घरी आला! काल दुपारी एस.टी.तून आपल्या पायांनी उतरला. माईंनी भाकरतुकडा ओवाळला आणि तिथेच मटकन बसून रडल्या.

आणि त्यांना क्षय नव्हता. कधीच नव्हता!

दिवाळीनंतर बोईसरला कामगारांच्या वस्तीत फ्लू शिरला, तोच यांना झाला आणि छातीत उतरला. न्यूमोनियातून उठले, पेज प्यायले, होडी बघायला किनाऱ्यावर गेले. आम्ही नवसही फेडला. मग पुन्हा ताप चढला आणि खोकल्यातून रक्त पडलं. पालघरला छातीचा फोटो काढला, त्यात डाग दिसला. जो तो क्षय म्हणाला. क्षयाची इंजेक्शनं टोचून टोचून हात सुजले, पण रक्त काही थांबेना.

शेवटी मुंबईला नेलं. तिथे एक डॉक्टरीणबाई भेटल्या, बारीक चणीच्या, फार भरभर बोलणाऱ्या. म्हणाल्या, "यांच्या थुंकीत क्षयाचा जंतू सापडतच नाही. काहीतरी वेगळं आहे." एके सकाळी धावत आल्या आणि मला काचेची बशी दाखवली. बशीत हिरवट बुरशी! शिळ्या भाकरीवर धरते तशीच, ताई. "ही हवेतच असते," त्या म्हणाल्या. "आपण रोज श्वासातून घेतो, काही होत नाही. पण न्यूमोनियानं यांचं फुप्फुस आतून सोलवटलं होतं. तिथे ही रुजली."

फार थोडे यातून उठतात, हेही त्यांनी लपवलं नाही. औषध परदेशातून मागवलं. बाटली शिरेतून चढायला लागली की हुडहुडी भरायची, खाट हलायची. मी अंगावर आडवी पडून धरून ठेवायची.

"जये, सोड. मरू दे मला."

"नाय सोडत," मी म्हणायची. "काय करायचं ते कर."

हळूहळू रक्त थांबलं. ताप गेला. एक दिवस म्हणाले, "बोंबलाचं कालवण हाय का गं?" वॉर्डातली सगळी हसली. मी बाहेर जाऊन रडले.

हा आजार एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, असं बाई म्हणाल्या. मी ते पुन्हा म्हणवून घेतलं. कारण ताई, आजार कळल्यावर बोईसरच्या बाजारात माझ्या पाटीला कुणी हात लावत नव्हतं. मी मासळी घेऊन मनोरला जात होते, तिथे मला ओळखणारं कुणी नाही.

तुम्ही आला नाहीत त्याबद्दल मी लिहिणार नव्हते. घरात लग्नाची मुलगी, सासरची माणसं. मला कळतं. पण हे दाराकडे बघत पडायचे आणि मी म्हणायची, ताईंना ताप आलाय.

सोजराबाई सफाळ्याहून आली तेव्हा तिनं सांगितलं, अक्षयतृतीयेला तुमच्या नलूचं लग्न आहे आणि मामा म्हणून तुमचा चुलतभाऊ रामू तिच्यामागे उभा राहणार आहे. ते मी यांना सांगितलेलं नाही.

आज सकाळी त्यांनी आपणहून विचारलं, "नलूच्या लग्नाचं काय ठरलं? ताईचं काय नाय आलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आलंय की. मामानंच उभं राहायचं, असा निरोप हाय."

ताई, तो चेहरा तुम्ही बघायला हवा होता! लगेच ट्रंकेतून कोट काढला. अंगात लोंबतो, तरी उतरवेनात. म्हणतात, नलूला उचलून बोहल्यावर नेणार. बाईंनी वजन उचलायला बंदी केली आहे, फुप्फुसाची एक बाजू कायमची अधू राहील म्हणाल्या. हे मी समजावलं तेव्हा म्हणाले, "बरं, मग हात धरून नेतो. पण नेणार मीच." आता अंगणात दम लागेपर्यंत फेऱ्या मारतायत आणि माई ओरडतायत.

भावोजींना, व्याह्यांना हे सगळं सांगा. बुरशी होती म्हणावं, लागत नाही म्हणावं. आणि कुणाला पटलं नाही, तरी भाऊ तुमचाच आहे.

आम्ही आदल्या दिवशी येतोय. मी त्यांना सांगितलेला निरोप तुमचाच होता, असं होऊ द्या.

दारात तुम्हीच या.

तुमची वहिनी,
जयवंती