आईच्या हातातला हात

ताई,

मेंदूखालच्या त्या मेल्या ग्रंथीपायी माझी कातडी जाड, तेलकट, घामट झाली. आवाजही घोगरा झाला. आरशाचं आता काही वाटत नाही गं. पण आपली आई हात चाचपूनच माणूस ओळखते. काल भरवताना माझी बोटं दाबून म्हणाली, "नर्सबाई, तुम्ही किती जीव लावता. माझी धाकटी मात्र फिरकत नाही."

"आई, मीच ती."

"आंधळीची थट्टा करता होय?" तिने हात झटकला.

रविवारी तू येशील. आपले हात एका साच्यातले होते; माझा समजून तुझा हात ती छातीशी धरेल. हे पत्र मी टाकणार नाही, पण तेव्हा नाही म्हणू नकोस. भेटू दे तिला धाकटी.

चहा नर्सबाई आणेल.

तुझी,
धाकटी