कमरेची सुपारी

चौसाळा, रविवार संध्याकाळ

आइसलँडहून परतलो. पाठीवर सॅक घेऊन एकटाच हिंडलो. धबधबे, हिमनद्या, सगळं सुधाने निवडलेलं. निघायच्या आधी ती गेली.

आज मावशीने मावंदं घातलं, काशीहून आल्यावर घालतात तसं! धबधब्याच्या पाण्याची बाटली देवापुढे. "पाणीच हाय न्हवं? मग तीर्थच की." सगळी गल्ली जेवली. शेजारचे अण्णा म्हणाले, "लई लांब गेलतास. देव कोणता रे तिथला?"
"वारा," म्हटलं. "दर्शनाला उभं राहू देत नाही."

पूजेला एकट्याने बसू नये, म्हणून मावशीने कमरेला सुपारी खोचायला लावली. बायकोच्या जागी. संस्कृत शिकलेला मी. हा विधी लोकांना मीच समजावत आलो. आज स्वतःला समजावता येईना. एवढी गप्प तर सुधा कधीच बसली नव्हती.

तिकडे प्रत्येक धबधब्यापाशी "बघ गं" म्हणत मागे वळायचो. मागे कोण असणार? सॅक.

पूजा झाल्यावर मावशी हळूच म्हणाली, "काढ आता ती सुपारी."
ऐकू आलंच नाही असं दाखवलं.
लिहायला बसलोय, तर टोचतेय. टोचू दे.