नऊ दिवसांचं धुकं

मी, एर्मेलिंदा गार्सिया सिल्वेरा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार फाजां, पिको बेट, कै. जेर्मानु सिल्वेरा यांची विधवा, हे मृत्युपत्र करून ठेवते. माझे गुडघे गेले आहेत. डोळे आणि डोकं जागेवर आहेत, डॉक्टरचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मुलाने आणून पाहिला, चालला नाही. माझ्या वाक्यांना सरकारी साज चढवू नये, अशी विनंती मी नोटरीबाईंना केली असून त्यांनी नाइलाजाने होकार दिला आहे.

कलम १. राहतं घर, मागचा द्राक्षमळा व त्याभोवतीच्या काळ्या दगडांच्या भिंती माझा एकुलता एक मुलगा नेलियू याला. कायद्याने त्याचा जो हिस्सा होतो, तो यात पुरा होतो. भिंत ढासळली तर स्वतः रचावी, बायकोला उन्हात उभं करू नये.

कलम २. कड्यावरची टेहळणीची खोली. ती कोणाला द्यायची हे सांगण्याआधी ती कोणाची आहे हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण गावाला ते ठाऊक नाही.

सदर खोली मला वडिलांकडून आलेली, माझ्या एकटीच्या नावावरची. वडील तिथे बसून शिकारीच्या होड्यांसाठी देवमासे हेरत. फवारा दिसला की दारूचा बाण सोडत, आणि गावातले पुरुष हातातलं काम टाकून बंदराकडे धावत. मी नवव्या वर्षापासून त्यांचा डबा घेऊन जायची आणि तिथेच रेंगाळायची. फवारा पुढे आणि डावीकडे झुकलेला असेल तर तो मोठा दातवाला देवमासा, हे मला पाढ्यांच्या आधी आलं. पुढे शिकार बंद झाली, पर्यटक आले, आणि त्याच खिडकीतून आम्ही सफरीच्या बोटींना दिशा सांगू लागलो.

जेर्मानुला ही जागा माझ्याशी लग्न केलं म्हणून मिळाली, हे एक. आणि १९९४ पासून त्याला बंदरावरचा दिवासुद्धा धड दिसत नव्हता, हे दुसरं. तेव्हापासून तो जाईपर्यंत, बावीस वर्षं, दुर्बिणीला डोळे माझे होते. तो शेजारी बसून वायरलेसवर बोलायचा.

"नैर्ऋत्येला, तीन मैल, दोन आहेत," मी सांगायची.

"नैर्ऋत्येला, तीन मैल, दोन!" तो घसा साफ करून गरजायचा.

"अरे, एकदा तरी सांग त्यांना, मी बघतेय म्हणून."

"वेडी आहेस का? बोटवाले बाईच्या सांगण्यावर सुकाणू फिरवणार? हसतील मला सगळे."

हसतील म्हणे! आणि मी गप्प बसले. याचा राग मला त्याच्यापेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

२००९च्या जुलैत माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. नऊ दिवस मी समोरच्या बेटावर इस्पितळात होते. त्या नऊ दिवसांत एकाही बोटीला देवमाशाचं शेपूट दिसलं नाही. जेर्मानुने वायरलेसवर सांगून टाकलं, "समुद्रावर धुकं आहे." ऐन जुलैत! इस्पितळाच्या खिडकीतून मला आमचा डोंगर टोकापर्यंत लख्ख दिसत होता. दहाव्या दिवशी मी परत आले आणि धुकं उठलं. अख्ख्या गावात एकाच्याही डोक्यात प्रकाश पडू नये?

तो गेल्यावर आठव्या दिवशी मी वायरलेस हातात घेतला. "पूर्वेला, चार मैल, एकटा."

"कोण बोलतंय?" तिकडून कप्तान एवारिश्तु.

"मी, एर्मेलिंदा."

"काकू, ठेवा बघू ते खाली. इथे काम चाललंय."

तीन दिवस बोटी समुद्रभर भटकल्या. चौथ्या दिवशी, बोटभर ओकणारे पाहुणे घेऊन, त्याने हळूच विचारलं, "काकू... कुठे म्हणालात?" त्याला आता आठ वर्षं झाली. कोणी हसलेलं मला तरी ऐकू आलेलं नाही.

आणि गेल्या वर्षी सफरीच्या कंपनीने माझ्याच भिंतीवर, मला न विचारता, पितळी पाटी ठोकली: 'येथून जेर्मानु सिल्वेरा यांनी सदतीस वर्षे समुद्रावर नजर ठेवली.' नजर! मला पहिल्या रांगेत बसवून हातात फुलं दिली. नेलियू त्याच कंपनीची तिकिटं विकतो. तो भाषणात म्हणाला, "आई रोज बाबांना डबा पोहोचवायची." तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतं बोलते.

कलम ३. सदर खोली, दुर्बीण, उशीसकट स्टूल व वायरलेस माझी सून झुल्मिरा हिला, तिच्या एकटीच्या नावाने. नेलियू म्हणतो, "आई, तिथे काचेचं उपाहारगृह होईल, लोक कॉफी पीत समुद्र बघतील." बघतील, पण दिसेल काय, कपाळ?

झुल्मिरा दोन वर्षं माझ्याशेजारी बसते आहे. पहिल्याच महिन्यात तिने माझ्या आधी फवारा पाहिला. मी "लाट आहे ती" म्हणून तिला उडवून लावलं. लाट नव्हती. तिची मी इथे लेखी माफी मागते. अटी दोनच. वायरलेसवर तिने स्वतःच्या तोंडाने बोलावं. नेलियूने त्याला हात लावू नये. आणि पिल्लासोबत आई दिसली तर बघावं आणि मुकाट बसावं. सात-सात बोटींनी बाळंतिणीला घेरलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या बोटी मीच पाठवल्या होत्या.

कलम ४. पितळी पाटी नेलियूने स्वतःच्या हाताने उपटून घरी न्यावी. वडिलांची आठवण म्हणून ठेवायला माझी हरकत नाही.

कलम ५. माझ्या दफनाच्या दिवशी खोलीची झडप बंद राहील. बोटी खुशाल जाऊ द्याव्यात. कंपनीच्या फलकावर 'देवमासा दिसण्याची हमी' असं लिहिलेलं आहे. ती एक दिवस त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाळून दाखवावी.

कलम ६. पत्र्याच्या डब्यात वडिलांचा एक बाण उरला आहे. तो झुल्मिराने माझ्या थडग्याजवळ सोडावा. दमट निघाला तर जोरात ओरडावं.

कलम ७. दुसरा साक्षीदार कप्तान एवारिश्तुच असावा. नुसती सही चालणार नाही. २००९च्या जुलैबद्दल त्याला जे ठाऊक असेल ते त्याने स्वतःच्या हाताने खाली लिहावं. मी सांगणार नाही, सुचवणार नाही. लिहायचं नसेल तर दुसरा माणूस आणावा, आणि एवारिश्तुने माझ्या मर्तिकाला येऊ नये.

वरील सर्व मी स्वतः वाचलं, चष्म्याशिवाय.

ठिकाण: फाजां
तारीख: ४ मार्च २०२४

(सही) एर्मेलिंदा गार्सिया सिल्वेरा

साक्षीदार १: ओताविया ब्रूम, पाववाली. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या आणि फार चिडलेल्या होत्या.

साक्षीदार २: एवारिश्तु माशादु, बोटीचा कप्तान. सही माझ्यासमोर झाली. नऊही दिवस मी समुद्रावर होतो. धुकं नव्हतं. मला तेव्हाच कळलं होतं, काकू.